मोडलेलं हाड जोडण्याआधी

मांडीचं हाड, म्हणजे फीमर, शरीरातलं सर्वांत लांब आणि दणकट हाड. खेळताना नुसता पाय घसरला आणि ते मोडलं, तर ‘कसं जोडायचं’ याआधी ‘मोडलंच का’ हे विचारायला हवं. आतून ते कशाने तरी पोखरलेलं असू शकतं.

मुलांमध्ये हे कारण बहुतेक वेळा कर्करोग नसतं, हा मोठा दिलासा. द्रवाने भरलेली साधी सिस्ट, रक्ताने भरलेली अ‍ॅन्युरिझमल सिस्ट किंवा हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढवणारा फायब्रस डिसप्लेझिया निघतो. पण ऑस्टिओसार्कोमा किंवा युइंग सार्कोमा हे हाडाचे कर्करोग असतील आणि मोड जोडायला घाईने हाडाच्या आत धातूची सळई घातली, तर गाठीच्या पेशी हाडाच्या पोकळीभर पसरतात आणि पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. म्हणून संशय असेल तर पाय स्थिर ठेवून आधी एमआरआय आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी. बायोप्सीचा छेदही अशा जागी घेतात, की पुढच्या शस्त्रक्रियेत तो भाग गाठीबरोबरच काढता येईल. हे दोन-चार दिवस पालकांना फार जड जातात, पण ते वाया जात नाहीत. निदान कर्करोगाचं झालं तरी आधी केमोथेरपी देऊन पुष्कळ मुलांचा पाय आज वाचवता येतो.

सिस्टमुळे मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळतं. सिस्ट मात्र सहसा तशीच राहते. हातात असेल तर थांबता येतं. मांडीवर शरीराचा भार असतो. त्यातून मोड खुब्याजवळ असेल, तर हाडाच्या डोक्याचा, म्हणजे खुब्यात बसणाऱ्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटण्याची भीती. त्यामुळे इथे पोकळी खरवडून काढतात, तिच्यात हाडाचा चुरा भरतात आणि प्लेट किंवा सळयांनी आधार देतात.

सळया घालताना सर्जनचं लक्ष ग्रोथ प्लेटवर, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या ज्या थरातून हाड लांबीत वाढतं त्यावर, असतं. फीमरच्या लांबीतली सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या प्लेटमधून होते; तिला इजा झाली तर पाय आखूड राहू शकतो. १९८०च्या सुमारास फ्रान्समधल्या नान्सी शहरात विकसित झालेल्या लवचीक सळया या प्लेटला वळसा घालून आत सरकवतात. धनुष्यासारख्या वाकवलेल्या दोन सळया आतून हाडाच्या भिंतींवर टेकतात आणि मोड सावरून धरतात.

फायब्रस डिसप्लेझियाचं गणित वेगळं. त्यात भरलेलं नवं हाड आजार पुन्हा गिळून टाकतो आणि मांडी मेंढपाळाच्या आकडेदार काठीसारखी वाकत जाते. तिथे खरा आधार सळईचाच, आणि मूल वाढलं की ती आखूड पडते व बदलावी लागते.