साल मातीवर, मातीत नको

एप्रिलमधल्या दुपारी कुंडीतल्या उघड्या मातीत बोट घालून पाहा. वरचा थर तापलेला आणि टणक, माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली. शेजारच्या कुंडीवर झाडाच्या सालीचे तुकडे पसरलेले असतील, तर ते बाजूला सारून तिथंही बोट घाला. माती गार लागते, बोटाला चिकटते आणि वळवाच्या सरीनंतर येतो तसा वास येतो. तो वास जिओस्मिनचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू ते तयार करतात, आणि त्यांचं तिथं बरं चाललंय याची ती खूण.

मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढत असतं, समईच्या वातीतून तेल चढतं तसं. वर आलेलं पाणी ऊन-वारा उडवून नेतात की खालून नवं चढतं. सालीच्या तुकड्यांमधल्या फटी मात्र मोठ्या असतात, त्यांतून पाणी चढत नाही. वात तिथंच तुटते. मग पाण्याला वाफ होऊन, तुकड्यांमधून वाट काढत, सावकाश बाहेर पडावं लागतं.

हे काम उसाचं पाचट करतं, भाताचा पेंढा करतो, नुसता पालापाचोळाही करतो. पण पाचोळा एका पावसाळ्यात कुजून जातो आणि साल पुढचा उन्हाळाही काढते. झाडावर असताना तिचं कामच आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचं. त्यासाठी तिच्यात लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन आणि पाणी अडवणारं मेणचट सुबेरिन भरलेलं असतं. बाटलीचं बूच म्हणजे एका ओक वृक्षाची सालच, आणि ते पाणी झिरपू देत नाही ते याच सुबेरिनमुळे. असला माल पचवणं जिवाणूंना जड जातं.

आणि इथंच बरेच जण फसतात. मीही फसलो. साल म्हणजे शेवटी सेंद्रिय पदार्थच, म्हणून वांग्याच्या वाफ्यात घमेलंभर साल खणून मिसळली. महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण २४ भाग कार्बनमागे १ भाग नायट्रोजन लागतो, आणि सालीत कार्बनचं प्रमाण शंभरपटीच्याही पुढे. कमी पडणारा नायट्रोजन ते मातीतून ओढतात, म्हणजे वांग्याच्या तोंडचा घास काढून घेतात. तीच साल वर पसरली तर ही ओढाताण जिथं ती मातीला टेकते त्या पातळ थरापुरती राहते. मुळं त्याच्या खाली सुखात असतात. कंपोस्ट किंवा शेणखत द्यायचं असेल तर साल बाजूला सारा, खत मातीवर घाला, साल परत ओढा.

थर ५ ते ७ सेंटिमीटरचा पुरे. त्याहून पातळ असला तर उजेड आत जातो आणि तण उगवतं. फार जाड झाला तर मातीला हवा मिळत नाही. उजेड लागणाऱ्या बारीक बियांचं तण या थराखाली दबतं. लव्हाळा दबत नाही. महापुरात वाचणारा तो, सालीला काय दाद देणार! त्याच्या गाठी आधी खणून काढाव्या लागतात.

खोडाला मात्र साल भिडवू नका. लिंबाच्या बुंध्याभोवती ढीग रचून ठेवलेला पाहिला की माझा जीव खालीवर होतो. खोड ओलं राहिलं की फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूला आयतं घर मिळतं आणि मग डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळू लागतो. संत्र्या-लिंबाचे बागायतदार खोडाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट फासतात ती याच भीतीने. झाडाभोवती वीतभर, छोट्या रोपाभोवती चार बोटं जागा मोकळी हवी. घराच्या भिंतीपासूनही ढीग लांब ठेवावा, वाळवीला निमित्त नको.

पाणी देण्याची सवयही बदलावी लागते. रोज झारीभर शिंपडलं तर कोरडी सालच ते पिऊन टाकते आणि खाली माती तहानलेलीच. आधी माती नीट भिजवून मग साल पसरायची, आणि पुढे पाणी कमी वेळा पण भरपूर द्यायचं.

नर्सरीत ऑर्किडसाठी मिळणारी पाइनची साल महाग पडते. दोनचार कुंड्यांना ठीक, वाफ्याला नाही. लाकडाच्या वखारीत सालपटं आणि ढलप्या मिळतात. नारळ सोलणाऱ्यांकडची सोडणं तोडून टाकली तरी चालतात, काथ्यातही लिग्निन ४० टक्क्यांच्या आसपास असतं. गोणीत ओली कोंडलेली साल आंबून व्हिनेगरसारखी वासत असेल, तर आधी काही दिवस उघड्यावर पसरा. नाहीतर कोवळी रोपं करपतात.

जून लागला की हिशेब बदलतो. साल तरंगते, त्यामुळे उताराच्या वाफ्यातली पहिल्या मोठ्या पावसात थेट गटाराशी सापडते. उरलेल्या थराखाली गोगलगाई दडतात. २०२२ साली मराठवाड्यात सोयाबीन फस्त करणाऱ्या शंखी गोगलगाई ज्यांनी पाहिल्यात, त्यांना जास्त सांगायला नको. पावसाळ्यापुरता थर विरळ करून जादा साल कोपऱ्यात ओढून ठेवलेली बरी.

त्याच दिवसांत एखाद्या सकाळी सालीवर कुणी अंडं फेटून ओतल्यासारखा पिवळाधमक गोळा दिसेल. औषध मारायला धावू नका. तो फ्युलिगो, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव. सालीवरचे जिवाणू खात तो चक्क सरकतो, फक्त इतका हळू की चहा पिऊन परत आल्यावरही जागचा हलल्यासारखा वाटत नाही. शेजारी काडी रोवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी अंतर पाहा. थोड्याच दिवसांत तो वाळून त्याची तपकिरी भुकटी होते.