फँटसी पुस्तकांतून निघालेली गाणी

जुन्या फँटसी पुस्तकातलं एखादं पात्र, जागा किंवा प्रसंग उचलून केलेलं नवीन गाणं म्हणजे हा प्रकार. पुस्तकातल्याच कवितेला चाल लावली तर ते वेगळं, तसं संगीतकार डोनाल्ड स्वानने १९६७ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या कवितांचं केलंय. लाट आली ती १९६० च्या दशकाच्या शेवटी, कारण १९६५ ला अमेरिकेत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पेपरबॅकमध्ये निघालं आणि कॉलेजच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं, बँडवालेही साधारण त्याच वयाचे.

मजा म्हणजे पुस्तकाशी इमान राखायचं असं काही यात नसतं. लेड झेपलिनचं 'रॅम्बल ऑन' (१९६९) घ्या, पानगळीत वाटेला लागलेल्या माणसाचं गाणं, आणि मधेच तो सांगतो की मॉर्डोरमध्ये ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला दुष्टांचा मुलूख) एक सुंदर मुलगी भेटली पण गॉलम (त्याच पुस्तकातला, जादूच्या अंगठीने झपाटलेला जीव) तिला घेऊन सटकला. पुस्तक वाचलेल्याला माहितीये की गॉलमला मुलगीबिलगी काही नको असते, त्याचा जीव अंगठीत! पण गाताना खपून जातं.

'अ‍ॅलिस'च्या, म्हणजे लुईस कॅरलच्या अद्भुत जगात पोचलेल्या मुलीच्या, दोन पुस्तकांचंही (१८६५, १८७१) तेच. जेफरसन एअरप्लेनचं 'व्हाइट रॅबिट' (१९६७) ग्रेस स्लिकने लिहिलं, जेमतेम अडीच मिनिटांचं, बोलेरो या स्पॅनिश नाचाच्या ठेक्यावर चढत चढत जातं आणि टोकाला पोचलं की संपतं. त्यात मुंडकं उडवायची भाषा लाल राणीला चिकटवलीये, पण पुस्तकात तसं ओरडते ती बदाम राणी, लाल राणी दुसऱ्या पुस्तकातली, बुद्धिबळाच्या पटावरची. जॉन लेननने तर 'आय अ‍ॅम द वॉलरस' (१९६७) करून टाकलं आणि नंतर कबूल केलं की दुसऱ्या पुस्तकातल्या कवितेत वॉलरस (सुळेवाला समुद्री प्राणी) आणि सुतार कालवांना फसवून खातात, त्यातला वॉलरस हा व्हिलन आहे हे लक्षातच आलं नव्हतं, सुतार म्हणायला हवं होतं. आता सुतारानेही कालवं पोटभर हाणलेलीच आहेत, पण असो.

एल्टन जॉनच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड'मध्ये (१९७३) 'विझार्ड ऑफ ओझ' या पुस्तकातल्या ओझ नगरीकडे जाणारी पिवळ्या विटांची फक्त वाट घेतलीये, तीही सोडून जाण्यासाठी.

मेटलवाले मात्र पक्के अभ्यासू. जर्मनीच्या ब्लाइंड गार्डियनने १९९८ ला टॉल्किनच्याच 'सिल्मरिलियन'वर अख्खा अल्बम केला, तो पुस्तक मांडीवर घेऊनच ऐकावा लागतो. आणि ब्लू ऑयस्टर कल्टच्या 'ब्लॅक ब्लेड'चे (१९८०) शब्द तर, ज्या काळ्या तलवारीवर ते गाणं आहे ती बाळगणाऱ्या एल्रिक या फँटसी नायकाचा जन्मदाता, लेखक मायकल मूरकॉक याचेच आहेत.