चौदा फुटी नाव आणि पंचवीस लिटरची टाकी

पंचगंगेकाठच्या गावांत पुराच्या आठवणी निघाल्या की काहिलीचा विषय निघतोच. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती पसरट, भली थोरली कढई. पाणी गावात शिरलं की तीच ढकलायची पाण्यात, माणसं बसवायची आणि बांबूनं रेटत पलीकडं न्यायची. नाव म्हणून काहील तशी वाईटच. गोल असल्यानं सरळ जात नाही, स्वतःभोवतीच गिरक्या घेते. पण एका बाबतीत ती आजच्या मशीनच्या होडीपेक्षा निर्धोक होती: तिच्यात पेट्रोल नव्हतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्यानं यंदा हौसेनं 14 फुटी ॲल्युमिनियमची नाव बांधली. सुट्टीला धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला, आणि पूर आलाच तर गावाच्या उपयोगी पडायला. आर्गॉन वेल्डिंगची शिवण इतकी एकसारखी की बोट फिरवत राहावं. मागच्या फळीला 15 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, म्हणजे नावेबाहेर टांगायचं इंजिन. मी गेलो तेव्हा 25 लिटरची टाकी मांडीवर घेऊन पठ्ठ्या विचार करत बसला होता.

"मर्दा, ही मागं मशीनजवळच बसवतो. आणि खाली कॉक. ऑइल इंजिनला असतो तसा. पेट्रोल आपोआप उतरतंय, पंपाची भानगडच न्हाई."

ज्या गावानं आयुष्यभर ऑइल इंजिनं बनवली, तिथल्या माणसाला हे सुचणारच. शेतातलं इंजिन जमिनीवर असतं. टाकी गळली तर माती पिते, वारा वास घेऊन जातो. नावेत गळलेलं पेट्रोल जाणार कुठं? ते तळाशी साचतं, आणि नावेला तर तळाला भोक नसावं हीच पहिली अट. म्हणून नावेच्या टाकीला खाली तोटी नसते. नळी वरून आत सोडलेली असते, तळापासून बोटभर वर थांबलेली. कॉक निसटला, तर टाकी रिकामी होईपर्यंत गळेल. वरून घेतलेली नळी तुटली, तर पेट्रोल टाकीतच राहतं.

राहतं म्हणजे, बहुतेक वेळा राहतं. ड्रममधून नळीनं तोंडानं ओढून रॉकेल काढलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना मेख कळेल. नळीचं दुसरं टोक टाकीतल्या पातळीपेक्षा खाली असेल आणि नळी एकदा भरलेली असेल, तर मध्ये चढ असला तरी द्रव वाहत राहतो. तेव्हा टाकीपासून मशीनपर्यंतची नळी टाकीच्या माथ्यापेक्षा वरूनच न्यायची. तसं जमत नसेल तर टाकीच्या तोंडाशी हे आपोआप वाहणं अडवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा, जो मशीननं ओढलं तरच उघडतो.

आता गळण्याचं एवढं भय कशाला? कारण पेटतं ते पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ. उणे 43 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलवर ठिणगीनं पेट घेण्याइतकी वाफ असते. कोल्हापूरच्या डिसेंबरातल्या थंडीचा तिथं काय पाड! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. गॅस सिलिंडरचा गॅस जसा फरशीलगत पसरतो, तशी ही फळ्यांखाली जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलं की ठिणगी पुरे.

हिशेब करून बघितला. कपभर, म्हणजे 100 मिलिलिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे 18 लिटर जागा व्यापते. दीड टक्क्याच्या हिशेबानं तेवढ्या वाफेनं एक घनमीटरहून जास्त हवा पेटण्याजोगी होते. चौदा फुटी नावेच्या फळ्यांखाली एवढी पोकळीही नसते. कपभर पेट्रोल! म्हणून टाकी आणि बॅटरी एका बंद कप्प्यात कधीच नको, आणि टाकीचा कप्पा शक्यतो बंदच नको. उघड्या नावेत, उघड्यावर, वारा लागेल अशी ठेवलेली सुटी टाकी ही दिसायला गबाळी पण सगळ्यात शहाणी व्यवस्था आहे, असं माझं मत. भरताना तर ती उचलून जमिनीवर ठेवायची आणि पंपाची नोझल तोंडाला टेकवूनच भरायची. वाहत्या पेट्रोलातून साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरायला वाट लागते.

मित्राला हे पटलं. पण "मशीनजवळ का नको?" हा प्रश्न उरलाच.

नावेच्या मागच्या टोकाला काय काय बसतं ते मोजू या. मशीन 40 किलोच्या आसपास, बॅटरी 15, चालवणारा 75. झाले 130. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला सुमारे 740 ग्रॅम. 25 लिटरचे साडेअठरा किलो, वर टाकीचं स्वतःचं वजन, म्हणजे 22 धरा. सगळं मागं टाकलं की नावेचं तोंड आभाळाकडं आणि मागची फळी पाण्यालगत. एक लाट आली की पाणी आत. तीच टाकी दोन मीटर पुढं सरकवली, तर 44 किलोचं पोर एक मीटर पुढं बसवल्याइतका फरक पडतो. बागेतल्या सी-सॉवर वजनापेक्षा अंतर कसं काम करतं, तेच हे.

मग अगदी पुढं का नको? कारण पेट्रोल संपत जातं. सकाळी टाकी भरलेली असताना नाव सरळ आणि दुपारी तोंड वर, असं व्हायला नको. टाकी सी-सॉच्या आसाजवळ असेल तर भरली काय नि रिकामी झाली काय, नाव सारखीच बसते. हा आस नेमका मध्यावर नसतो. पुढं निमुळत्या आणि मागं रुंद नावेत तो मध्यापेक्षा थोडा मागं असतो. तो शोधायला गणित लागत नाही. आम्ही नाव मित्राच्या शेततळ्यात सोडली, पुढं आणि मागं पाण्याच्या रेषेवर मार्करनं खुणा केल्या, आणि पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार तळावरून इंच इंच सरकवला. एका जागी दोन्ही टोकं सारखीच बुडाली. तिथं खूण केली. वेगात नाव पाण्यावर उचलली जाते तेव्हा हा हिशेब थोडा बदलतो, पण टाकीसाठी ही जागा पुरेशी चांगली.

टाकी लांबट होती: 80 सेंटिमीटर लांब, 30 रुंद. मित्रानं ती नावेत आडवी टाकली, बाकाखाली छान बसते म्हणून. इथं दूधवाल्याची आठवण काढावी. मोटरसायकलला भरलेल्या किटल्या असल्या तर गाडी जड होते, पण मुकाट चालते. निम्म्या किटल्या घेऊन वळण घेतलं की दूध आतल्या आत एका बाजूला धावतं आणि गाडी ओढते. द्रवाचा मोकळा पृष्ठभाग जितका रुंद, तितकं हे धावणं वाईट, आणि तेही सरळ प्रमाणात नव्हे. नाव कलल्यावर होणारा हा त्रास रुंदीच्या घनाप्रमाणे आणि लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. त्यामुळं तीच टाकी उभी, म्हणजे नावेच्या लांबीच्या दिशेनं फिरवली की त्रास एक सप्तमांश होतो. ना खर्च, ना वेल्डिंग. फक्त टाकी फिरवायची.

पण खरं सांगायचं तर एवढ्याशा टाकीनं नाव उलटत नाही. त्याच सूत्रात नावेच्या तळाचं पाणी घालून बघा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असं बोटभर पावसाचं पाणी साचलेलं असेल, तर ते आडव्या टाकीच्या वीसपटीहून जास्त त्रास देतं. टाकीच्या जागेसाठी दोन दिवस घालवणारा आणि तळातलं पाणी उपसायला कंटाळणारा माणूस मी पाहिलाय. (तो मीच.) काही टाक्यांत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या असतात त्या मुख्यतः दुसऱ्याच कामासाठी: हेलकाव्यात नळीचं टोक उघडं पडून मशीननं हवा ओढू नये, आणि आपटणाऱ्या पेट्रोलनं शिवण फाटू नये.

नळी आता लांब झाली, त्याचं काय? आउटबोर्डचा पंप म्हणजे एक पातळ पडदा, जो इंजिनच्याच दाबाच्या ठोक्यांवर हलतो. ढकलायला बरा, ओढायला अशक्त. म्हणून नळी पुरेशा जाडीची, कमी वळणांची हवी आणि उन्हात नको. पेट्रोलातले हलके घटक एप्रिलच्या उन्हात, त्यात ओढीखाली, नळीतच उकळून बुडबुडे धरतात आणि मशीन खोकत बंद पडतं. नळीत पेट्रोल भरायला हातानं दाबायचा रबरी बल्ब असतो; तो दाबताना त्यावरचा बाण मशीनकडं आणि वर हवा, एवढंच.

धातूचं प्रकरण. मित्राच्या मनात आधी लोखंडी टाकी होती, मग ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम गंजत नाही हा अर्धा खरा समज आहे. त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनवर स्वतःला दुरुस्त करतो. टाकीखाली ओला फोम किंवा गोणपाट अडकलं की तिथं ऑक्सिजन पोचत नाही, थर दुरुस्त होत नाही आणि पत्र्याला खालून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यात पितळी फिटिंग घट्ट आवळलं तर दोन धातू आणि मध्ये ओल, म्हणजे छोटीशी बॅटरीच झाली. तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. पाणी न धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, खालून हवा खेळेल अशी टाकी ठेवली तर ती टिकते. शेवटी मित्रानं प्लास्टिकचीच घेतली. तिचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो: पेट्रोल पिऊन ती किंचित फुगते. पट्टे आवळताना तेवढी सैल जागा सोडायची.

आणि पेट्रोल तरी कुठं निव्वळ पेट्रोल राहिलंय? पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. त्यातला काही इथेनॉल उसाचा, म्हणजे एका अर्थी आपल्याच शिवारातला. इथेनॉलला पाण्याची ओढ. झाकणातून पावसाचं पाणी गेलं तर आधी ते विरघळून गुमान बसतं, आणि मर्यादेपलीकडं गेलं की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून फुटतात आणि तळाशी बसतात. नळीचं टोक नेमकं तिथंच! पुरासाठी म्हणून वर्षभर भरून ठेवलेली टाकी ऐन जुलैत दगा देते, त्यामागं अनेकदा हेच असतं. नाव ठेवून द्यायची तर टाकी रिकामी करून ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडाला ताजं भरावं.

25 लिटर पुरतं का, हेही काढलं. 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण ताकदीनं तासाला 6 ते 7 लिटर पितं. साठलेल्या पाण्यावर एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव हा जगभरच्या नावाड्यांचा हिशेब चालतो. पुरात चालत नाही. नाव ताशी 15 किलोमीटर आणि प्रवाह 6 धरला, तर 6 किलोमीटर खाली जायला 17 मिनिटं आणि वर यायला 40. जाताना दोन लिटरही लागत नाहीत, येताना सव्वाचार. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघालेलं असताना हा फरक काठावरून नुसता दिसत नाही.

पहिल्या दिवशी मित्रानं टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. सकाळी. दुपारी उन्हात झाकणाच्या हवेच्या स्क्रूतून पेट्रोल पाझरायला लागलं. पेट्रोल अंशाला सुमारे एक हजारांश फुगतं. 20 अंशांनी तापलं की 25 लिटरमागं अर्धा लिटर. त्यानं पुसून घेतलं, थोडं काढून मोटरसायकलीत ओतलं आणि टाकीवर मार्करनं रेघ ओढली. रेघेशेजारी लिहिलं: "23 लिटर. बास."