ख्रिस्ती दान व कारभारीपण

ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांनी आपल्या उत्पन्नाचा काही भाग उपासना, पाळकाचा चरितार्थ, गोरगरिबांचे साहाय्य व सुवार्ताकार्य यांसाठी नेमाने देणे, आणि तसे देण्याची सवय त्यांना शिकवणीने व व्यवस्थेने लावणे, या दोन्ही गोष्टींचा अंतर्भाव या विषयात होतो. द्रव्य, वेळ व अंगचे गुण हे सर्व देवाचे असून मनुष्य त्यांचा मालक नव्हे, तर हिशेब देण्यास बांधलेला कारभारी आहे, ही त्यामागील धारणा होय. लूककृत शुभवर्तमानातील कारभाऱ्याचा (अध्याय १६) आणि मत्तयातील रुपयांच्या थैल्यांचा (अध्याय २५) दाखला तिच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. नाशिक शहर व परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दशमांश, रविवारचे अर्पण, उपकारस्तुतीचे अर्पण व मासिक वर्गणी हे दानाचे मुख्य प्रकार आहेत. कॅथलिक धर्मग्रामांत यांखेरीज मिस्सासाठी (कॅथलिकांची प्रभुभोजनाची मुख्य उपासना) दिले जाणारे दान व तीर्थस्थानी वाहिलेले नवसाचे दान यांना महत्त्व आहे.

दशमांशाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात अब्राम लढाईहून परतताना शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याला सर्वांचा दहावा भाग देतो. मूळ हिब्रू वाक्यात देणाऱ्याचे नाव नाही. तो अब्रामच होता हे इब्री लोकांस पत्राने (अध्याय ७) स्पष्ट केले आणि तोच अर्थ परंपरेने स्वीकारला. हे दान लुटीतून व एकदाच दिलेले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. बेथेल येथे याकोबाने केलेली प्रतिज्ञा (उत्पत्ती २८) तर सशर्त आहे: देवाने वाटेत रक्षण केले, अन्नवस्त्र दिले व सुखरूप घरी आणले, तर दहावा भाग देईन. या दोन्ही उताऱ्यांतून नियमित कराचा पुरावा निघत नाही. नियमशास्त्रातील, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, विधाने आणखी गुंतागुंतीची आहेत. लेवीय २७ प्रमाणे भूमीच्या उपजाचा व कळपातील काठीखालून जाणाऱ्या प्रत्येक दहाव्या जनावराचा भाग परमेश्वराचा असून, उपजाचा भाग सोडवून घ्यायचा झाल्यास त्यावर पाचवा हिस्सा अधिक भरावा लागे. गणना १८ प्रमाणे तो लेव्यांचे (पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशाचे) वतन आहे आणि लेव्यांनी मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकांस द्यायचा आहे. अनुवाद या ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात मात्र देणाऱ्यानेच तो पवित्रस्थानी नेऊन कुटुंबासह खायचा आहे. अंतर लांब असेल तर माल विकून पैसा न्यावा व तेथे हवे ते विकत घ्यावे, अशी मुभाही आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परके, अनाथ व विधवा यांस द्यायचा होता.

या विसंगतीचा उलगडा दोन प्रकारे केला जातो. यहूदी परंपरेने हे वेगवेगळे दशमांश मानले. मिश्नात, म्हणजे यहूदी तोंडी नियमांच्या संग्रहात, पहिला, दुसरा व गरिबांचा असे तीन प्रकार असून, सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी दुसरा दशमांश, तर तिसऱ्या व सहाव्या वर्षी त्याच्या जागी गरिबांचा दशमांश येतो. सातवे वर्ष भूमीच्या विसाव्याचे. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार जोसीफसने मात्र तिसऱ्या वर्षीचा दशमांश आधीच्या दोहोंवर अधिक धरलेला दिसतो, आणि तोबीतच्या ग्रंथातही तीन दशमांशांचा उल्लेख आहे. असे धरल्यास वार्षिक सरासरी उत्पन्नाच्या २३ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘दहा टक्के म्हणजे बायबलचे माप’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी हा हिशेब सहसा विचारात घेतलेला नसतो. दुसरा मार्ग ऐतिहासिक चिकित्सेचा आहे. जर्मन बायबल-अभ्यासक वेलहाउझेन व त्याचे अनुयायी यांच्या मते अनुवाद ग्रंथातील नियम आधीचा व याजकीय संहितेतील (लेवीय व गणना यांतील याजकांविषयीच्या नियमांच्या संग्रहातील) नंतरचा असून, पवित्रस्थानी खाल्ल्या जाणाऱ्या भोजनाचे हळूहळू पुरोहितवर्गाच्या हक्कात रूपांतर झाले. यहूदी अभ्यासक कौफमनने हा क्रम उलटा लावला व याजकीय संहिताच जुनी मानली. वेलहाउझेनप्रणीत क्रमाला अजूनही अधिक अनुयायी असले, तरी दशमांशाची कल्पना इस्राएलाबाहेरही प्रचलित होती हे सीरियातील उगारिट या प्राचीन नगरातील लेखांवरून आणि नवबॅबिलोनी मंदिरांच्या हिशेबांवरून दिसते. त्यामुळे तिचा उगम एखाद्या संहितेत शोधण्यापेक्षा राजा व देवस्थान यांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देण्याच्या व्यापक रूढीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. १ शमुवेल ८ मध्ये राजा दहावा भाग घेईल असा इशारा आहेच. दहावा हिस्सा हे मोजण्यास सोपे माप अनेक समाजांत आढळते. मराठेशाहीतील सरदेशमुखीही दहा टक्क्यांचीच होती.

देण्याविषयीच्या आजच्या प्रवचनांत सर्वाधिक वापरला जाणारा उतारा मलाखी ३ मधील आहे. सगळा दशमांश भांडारात आणा व मी आकाशकपाटे उघडतो की नाही याची प्रतीती पाहा, असे आव्हान त्यात आहे. हा ग्रंथ बहुधा इ.स.पू. पाचव्या शतकातील असून, दशमांश न मिळाल्यामुळे लेवी आपापल्या शेतांकडे निघून गेल्याची जी परिस्थिती नहेम्या १३ मध्ये वर्णिली आहे, तिच्याशी तो जुळतो. भांडार म्हणजे मंदिराची धान्याची कोठी. तिचा अर्थ थेट स्थानिक मंडळीचा खजिना असा करण्यास संदर्भाचा आधार अपुरा आहे.

नव्या करारात दशमांशाचा उल्लेख मोजकाच आहे. पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास सोडणाऱ्यांना येशूने दोष दिला (मत्तय २३). प्रेषित पौलाने आपल्या मंडळ्यांना कोठेही ठरावीक टक्केवारी घालून दिलेली नाही. यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे (१ करिंथ १६), आणि दु:खी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये (२ करिंथ ८–९), एवढीच त्याची सूचना. रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घ्यावीत व कोणाला दोष लावण्यास जागा राहू नये, याची त्याने घेतलेली काळजी मात्र विशेष उल्लेखनीय आहे. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक आयरेनियस लिहितो, की यहूदी दशमांश देत, तर स्वतंत्रता पावलेले (ख्रिस्ती) सर्वस्व वाहतात. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने प्रत्येकजण महिन्यातून एकदा, स्वेच्छेने व ऐपतीप्रमाणे काही देत असल्याचे वर्णन केले आहे. सक्तीचा दशमांश त्यानंतर बराच उशिरा आला: आजच्या फ्रान्समधील माकाँ येथील धर्मपरिषदेने ५८५ मध्ये तो बंधनकारक ठरविला व फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात ७७९ मध्ये त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले. फ्रान्समध्ये तो १७८९ मध्ये रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने त्याचे रोख आकारात रूपांतर झाले. हा इतिहास पाहता दशमांश ही ख्रिस्ती व्यक्तीवर कायम असलेली आज्ञा नसून स्वेच्छादानाचे एक उपयुक्त माप आहे, हे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र नाशिकमधील अनेक पाळक तो किमान कर्तव्य म्हणूनच शिकवितात.

नाशिक येथे चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसली. शाळा, सुतारकाम व लोहारकामाचे उद्योग आणि गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांचा आश्रम तेथे होता. आफ्रिकेतील मिशनरी व संशोधक प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट येथेच शिकला होता. घर, रोजगार, शिक्षण व उपासना हे सर्व एकाच मिशनच्या आश्रयाने मिळत असल्यामुळे पाळकाचा पगार मंडळीने द्यायचा असतो ही कल्पना येथे सहजासहजी रुजली नाही. वस्तुतः त्याच सोसायटीचा चिटणीस हेन्री व्हेन (कार्यकाल १८४१–७२) आणि अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचा रूफस अँडरसन हे दोघेही देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित व स्वतः सुवार्ता पसरविणारी व्हावी असा आग्रह धरीत होते. सभासदांनी नेमाने थोडी थोडी रक्कम मंडळीच्या निधीत टाकावी व मिशनचे अनुदान त्या प्रमाणात उतरत जावे, अशी व्हेनची योजना होती. अँडरसन १८५४–५५ मध्ये मुंबई व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे येऊन गेला आणि त्याच्या भेटीनंतर अमेरिकन मराठी मिशनमध्ये देशी पाळक नेमण्यास वेग आला. खेड्यांतील धर्मांतरितांपैकी बरेचजण बलुत्यावर जगणारे असल्याने रोख वर्गणी त्यांना अवघड जाई. धान्य, अंडी, कोंबडी यांच्या रूपाने अर्पण देण्याची चाल तेथे पडली. स्थानिक ख्रिस्ती समाज देण्यात मागे पडला असेल, तर त्याचे कारण कंजुषी किंवा निव्वळ दारिद्र्य यांपेक्षा परदेशी अनुदानाच्या या दीर्घ सवयीत शोधणे योग्य होईल. नाशिकमध्ये शिकलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसंघ स्थापला, ही घटना या संदर्भात नोंदण्याजोगी आहे.

नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये निर्माण झाला व १९७० मध्ये तो चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एकत्रित चर्चमध्ये सामील झाला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला.

दानास उत्तेजन देण्याच्या आजच्या पद्धतींपैकी पाकीट पद्धत सर्वांत रूढ आहे. सभासदाला वर्षारंभी बारा पाकिटे किंवा एक कार्ड मिळते. त्यावर नाव, महिना आणि दशमांश, उपकारस्तुती, इमारत निधी, गरीब निधी असे रकाने असतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फैलावली. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यासारख्या ठिकाणी पगारदार नोकऱ्या करणाऱ्या कुटुंबांना ती सोयीची ठरली. बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते व पगारही त्याच सुमारास हातात येतो. अर्पणाची थैली फिरते, ती वेदीपुढे आणून प्रार्थना होते आणि उपासना संपल्यावर किमान दोघांनी मिळून रक्कम मोजून वहीत सह्यांनिशी लिहावी असा प्रघात आहे. वर्षाअखेरीच्या सभेत हिशेब वाचून दाखविणे हेच दानास खरे उत्तेजन ठरते, असे जुने पंच सांगतात. जेथे हिशेब लांबतो तेथे पाकिटे रोडावतात.

कापणीच्या सणाचे स्वरूप अधिक उत्साही असते. अनुवाद ग्रंथाच्या २६ व्या अध्यायातील प्रथमफळांच्या टोपलीशी त्याचा संबंध जोडला जात असला, तरी त्याचे प्रचलित रूप कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो येथे पाळक हॉकर याने १८४३ मध्ये सुरू केलेल्या उपासनेपासून आले, असे सामान्यतः मानतात. नाशिककडील मंडळ्यांत या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसे, कांदे, टोमॅटो, भोपळे, ऊस व हंगाम असेल तर द्राक्षे मांडली जातात. घरचे लोणचे, केक व जिवंत कोंबडीही येते. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो तेथल्या तेथे परत अर्पण करतो आणि पुकारा पुन्हा सुरू होतो. एकच वस्तू अशी तीन-चारदा विकली जाणे नवलाचे नाही. चढाओढीने देणे हे पौलाच्या शिकवणीशी कितपत सुसंगत आहे, असा आक्षेप काहीजण घेतात, परंतु वार्षिक निधीचा मोठा भाग अनेकदा याच दिवशी जमतो. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य मंडळीसाठी बाजूला ठेवण्याची प्रथा मिझोराममध्ये १९१० पासून स्त्रियांनी चालविली. महाराष्ट्रात तिला तेवढे संघटित रूप आले नाही.

कॅथलिक चर्चमध्ये दशमांशाचा नियम नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने श्रद्धावंतांवर चर्चच्या गरजा भागविण्याचे कर्तव्य टाकले असून (कलम २२२), प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक केले आहे (कलम ५३७), आणि विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी खर्चावे असे बंधन घातले आहे (कलम १२६७). नाशिकरोड येथील बाळ येशूच्या तीर्थस्थानी फेब्रुवारीतील यात्रेला दूरदूरचे भाविक येतात व त्यांत अन्यधर्मीयही मोठ्या संख्येने असतात. मेणबत्त्या, नवसफेडीची दाने व पेटीतील रक्कम यांचे स्वरूप याकोबाच्या प्रतिज्ञेला अधिक जवळचे असून, कारभारीपणाच्या शिकवणीत त्याला गौण स्थान दिले जाते.

कायद्याच्या दृष्टीने बहुतेक चर्चसंस्थांच्या मालमत्ता मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आताचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) याखाली नोंदलेल्या न्यासांकडे आहेत. वार्षिक लेखापरीक्षण आवश्यक असून, स्थावर मालमत्ता विकण्यास कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. केवळ एका धर्मसमाजाच्या हितासाठी असलेल्या न्यासास दिलेल्या देणगीवर लोकांच्या तोंडी ‘८०-जी’ म्हणून असलेली आयकर सवलत सामान्यतः मिळत नाही; त्यामुळे सवलतीचे आमिष हे चर्चच्या दानामागील कारण क्वचितच असते. परदेशी देणग्यांवर १९७६ व २०१० च्या कायद्यांनी नियंत्रण आणले. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्या स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारणे सक्तीचे केले, त्या दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई केली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. व्हेनला प्रवचनांनी व परिपत्रकांनी जे साधता आले नाही, ते स्थानिक दानाचे महत्त्व या दुरुस्तीने मंडळ्यांच्या लक्षात आणून दिले, असे म्हणण्यास जागा आहे.

अलीकडे शहराच्या नव्या वस्त्यांत वाढलेल्या स्वतंत्र व पेंटेकॉस्टल मंडळ्यांना मिशनचा वारसा किंवा जमीनजुमला नसल्याने त्या जवळजवळ पूर्णतः दशमांशावर चालतात. त्यांतील काहींत, देणाऱ्याला अनेक पटींनी परत मिळते अशी समृद्धीची शिकवण दिली जाते. मुख्य प्रवाहातील ईश्वरविज्ञान ती सौदेबाजी म्हणून नाकारते व कर्जात असलेल्या कुटुंबांवर तिचा पडणारा ताण दाखवून देते. अनेक मंडळ्यांत आता अर्पणाच्या थैलीबरोबर क्यूआर कोडचा फलकही असतो. असे अर्पण थेट बँकेत जात असल्याने ते रविवारच्या मोजणीत येत नाही. खजिनदार बहुधा महिनाअखेरीस खात्याच्या उताऱ्यावरून त्याची नावनिशीवार नोंद अर्पणवहीत घेतो.