टोटल लॉसचा पहिला आकडा शेवटचा नसतो

अपघातात गाडी ‘टोटल लॉस’ ठरली, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही इतकी मोडली, की विमा कंपनी सांगेल तो आकडा मुकाट्याने घ्यायचा, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक हक्काचे पैसे सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पॉलिसी काढून वाचा. गाडीची किंमत करारातच ठरलेली असेल तर घासाघिशीला फारशी जागा नसते. तेव्हा वजावटी तेवढ्या तपासायच्या. पण भरपाई बाजारभावाने मिळणार असेल, तर तो आकडा हा निव्वळ अंदाज असतो: अपघाताच्या क्षणाआधी तुमची गाडी कितीला विकली गेली असती, याचा. म्हणून मूल्यांकनाचा अहवाल लेखी मागा. त्यात कधी व्हेरिएंट खालचा लिहिलेला असतो, कधी किलोमीटर जास्त धरलेले असतात, कधी ‘स्थिती साधारण’ म्हणत रक्कम कापलेली असते. चूक सापडली की सर्व्हिसच्या नोंदी, जुने फोटो आणि त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, साधारण तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती जोडून लेखी हरकत घ्या. ‘मला कमी वाटतं’ एवढ्याने कुणी हलत नाही.

कर्ज किती बाकी आहे किंवा नवी गाडी कितीला पडेल, हे मुद्दे इथे सहसा चालत नाहीत. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवणार असाल तर तिची भंगार किंमत भरपाईतून वजा होते. तीही पडताळून घ्या. आणि वाद मिटेपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.