बियाणं चांगलं, पण वाफसा?

२८ मार्च २०२५ रोजी राकेश रोशन यांनी जाहीर केलं की ‘क्रिश’ मालिकेचा पुढचा चित्रपट हृतिक रोशन दिग्दर्शित करणार. ‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) हे तिन्ही राकेश यांनी स्वतः केले होते. परभणीत ही बातमी वाचली आणि २००३ चा पावसाळा आठवला. आमच्या गल्लीतली पोरं आभाळाकडं बघून ‘कोई मिल गया’तल्या परग्रहावरच्या जादूसारखं ‘धूप, धूप’ ओरडायची. ती पोरं आता बाप झालीत. त्यांची ही मालिका कोणाच्या हाती जाते, याची मला खरंच काळजी वाटते.

हा प्रश्न जुना आहे. १९७९ मध्ये पॅरामाउंटनं टीव्हीवरची ‘स्टार ट्रेक’ पडद्यावर आणायला सगळ्यात भरवशाचा माणूस निवडला. रॉबर्ट वाइज. दिग्दर्शनाची दोन ऑस्कर घरात, १९५१ मध्ये परग्रहवासीयावरचा गाजलेला चित्रपट केलेला. चित्रपटानं पैसा मिळवला, पण खर्च साडेचार कोटी डॉलरच्या घरात गेला आणि गोष्ट रेंगाळली. दुसऱ्या भागासाठी हात आखडता घेतला गेला, जेमतेम १.२ कोटी डॉलर. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी जुने सगळे भाग बसून पाहिले आणि १९६७ च्या एका भागातला खान हा खलनायक उचलला. दिग्दर्शक आणला निकोलस मेयर. नावावर एकच चित्रपट, ‘स्टार ट्रेक’शी फारशी ओळख नाही. हाती असलेल्या अनेक कच्च्या संहितांमधून त्यांनी १२ दिवसांत एक पटकथा लिहून काढली, तीही श्रेयनामावलीत नाव न घेता. त्यांना मालिकेतल्या अंतराळयानात जुन्या काळचं लढाऊ गलबत दिसलं, आणि कॅप्टनमध्ये वय होत चाललेला माणूस. १९८२ चा हा भाग आजही मालिकेतला सर्वोत्तम मानला जातो.

त्यावरून ‘बाहेरचा माणूस आणा’ असा समज रुजला. तो अर्धाच खरा. २००२ मध्ये ‘स्टार ट्रेक’चा भाग करणारे स्टुअर्ट बेअर्ड हेही बाहेरचेच होते. तो भाग पडला आणि २००९ मध्ये जे. जे. अब्राम्स येईपर्यंत ‘स्टार ट्रेक’चे चित्रपट थांबले. मेयर यांच्या शेजारी सगळं बघून, टिपून ठेवलेला बेनेट बसला होता, हे लोक विसरतात.

माझ्या मते याहून मोठा धडा ‘एलियन ३’चा. डेव्हिड फिंचर तेव्हा २७-२८ वर्षांचे, जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओंमधून आलेले. आधीचा दिग्दर्शक सोडून गेलेला, पटकथा पुरी नाही, तरी चित्रीकरण सुरू झालं. स्टुडिओ पावलोपावली हात घालत राहिला. १९९२ चा तो चित्रपट फिंचर यांनी कायमचा नाकारला. २००३ मध्ये नवं संकलन निघालं, तेव्हाही ते त्यात आले नाहीत. माणूस चुकीचा निवडला असं कोण म्हणेल? तीनच वर्षांनी त्यांनी ‘सेव्हन’ केला. आमच्याकडं मृगाचा पाऊस पडला म्हणून कुणी लगेच तिफण धरत नाही, वाफसा येऊ द्यावा लागतो. बियाणं कितीही अस्सल असलं तरी चिखलात ते कुजतं.

घरचा माणूसही हमखास चालतो असं नाही. शेन ब्लॅक १९८७ च्या ‘प्रिडेटर’मध्ये स्वतः अभिनेते होते; २०१८ मध्ये त्यांनी मालिका हाती घेतली, पण ती सावरली नाही. चार वर्षांनी डॅन ट्रॅक्टनबर्ग यांनी ‘प्रे’मध्ये तिला थेट १७१९ सालात नेलं. कोमांची जमातीतली एक मुलगी, तिची शिकार, आणि समोर परग्रहावरचा शिकारी. गोष्ट एवढीशीच. पण ती आधी त्या मुलीची गोष्ट होती, मग ‘प्रिडेटर’ची. जपानमध्ये ताकाशी यामाझाकी यांनी १९५४ पासूनच्या गॉडझिलाला महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये परत आणलं. लेखन, दिग्दर्शन, दृश्यपरिणाम सगळं स्वतः सांभाळलं आणि २०२४ मध्ये दृश्यपरिणामांचं ऑस्कर घेतलं.

मराठवाड्याला ही जबाबदारी नाटकातून ओळखीची आहे. महेश एलकुंचवार यांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलं. त्याचे पुढचे दोन भाग जोडून अख्खी त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये उभी केली ती औरंगाबादेतून, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून पुढं आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी. आधीच्या प्रयोगाची सावली मोठी होती, तरी त्यांनी आपला वाडा उभा केला.

हृतिक घरचेच. ‘करण अर्जुन’, ‘कोयला’च्या वेळी वडिलांच्या हाताखाली सहायक होते, क्रिशचा मुखवटा त्यांनी स्वतः घातलाय. दिग्दर्शन मात्र पहिलंच, आणि पुन्हा मुख्य भूमिकाही त्यांचीच. मला त्यांच्याकडून जादूइतकी छोटी गोष्ट हवी आहे: एक पोरगं, एक पाहुणा आणि थोडं ऊन.