कुंडीतला पुदिना

पुदिना वाफ्यात मोकळा न सोडता कुंडीत, तेलाच्या डब्यात किंवा रंगाच्या रिकाम्या बादलीत वाढवण्याची रीत. जागा कमी म्हणून कुंडी वापरतात, हे अर्धेच कारण. मोकळा पुदिना शेजारच्या कोथिंबीर-मेथीची जागा बळकावतो, आणि त्याला अटकाव करणे हा या रीतीचा मुख्य हेतू.

पुदिना तुळशीच्या कुळातला. खोड चौकोनी असते. चिमटीत फिरवले की कडा बोटांना लागतात. भाजीबाजारात जुडीने मिळतो तो बहुधा मेंथा स्पिकाटा या जातीचा. औषधातले ‘पुदिन्याचे फूल’ म्हणजे मेंथॉलचे खडे. ते प्रामुख्याने जपानी पुदिन्यापासून, मेंथा आर्वेन्सिसपासून काढतात. चटणीच्या पुदिन्याचा वास वेगळा आणि गोडसर, तो कार्व्होन या सुगंधी द्रव्याचा.

पुदिना पसरतो तो मुख्यतः बियांनी नव्हे, खोडांनी. मातीच्या वरच्या थरात, चार बोटे खोलीच्या आतबाहेर, पांढरट खोडे आडवी धावतात. प्रत्येक पेराला खाली मुळ्या आणि वर कोंब फुटतो. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन डोळ्यांची टिपरी पुरली की ऊस उगवतो, तसाच पुदिन्याचा पेरासकट तुटलेला तुकडा उगवतो. म्हणून पसरलेला पुदिना कुदळीने खांडणे ही सर्वांत मोठी चूक. एकाची दहा रोपे होतात. सांगलीची हळदही जमिनीखालच्या खोडानेच वाढते, पण ती गड्डा धरून जागेवर राहते. पुदिना हरळीसारखा चालत सुटतो.

कुंडी वीतभर खोल आणि त्याहून थोडी रुंद असली तर बरी, कारण पुदिन्याला खोलीपेक्षा पसरायला जागा लागते. तळाला भोके हवीतच, पण नेमक्या त्याच वाटेने तो निसटतो. कुंडी थेट मातीवर ठेवली तर मुळ्या आणि खोडे भोकांतून खाली उतरतात आणि काही महिन्यांनी कुंडी उचलताना ‘चट्’ आवाज होऊन तुटतात. तोवर परसात पुदिना रुजलेला असतो. कुंडी फरशीवर किंवा दोन विटांवर ठेवावी. काठावरून लोंबणारे धुमारे मातीला टेकण्याआधी खुडावेत. ते चटणीला कोवळे मिळतात. वाफ्यातच लावायचा असेल तर तळ कापलेली बादली पुरतात. तिचा काठ मातीवर दोन बोटे ठेवणे महत्त्वाचे, नाहीतर खोडे वरून उडी घेतात.

माती हा या भागातला खरा अडचणीचा मुद्दा. कृष्णाकाठची काळी माती शेतात सोने असली तरी नुसती कुंडीत भरू नये. वाळली की ती आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाशी जाते. वरून कुंडी भिजलेली दिसते, आत मुळ्यांचा गड्डा कोरडाच. काळ्या मातीत कुजलेले शेणखत आणि जाड वाळू मिसळली की हा दोष बराच कमी होतो.

उन्हाळ्यात पत्र्याचा डबा तापून मुळ्या भाजतात. मातीची कुंडी आणि दुपारची सावली बरी. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात उलटा त्रास: पाणी तुंबून मुळ्या कुजतात. पानांखाली नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. रोगट फांद्या मुळापासून कापून काढाव्यात.

वर्ष-दीड वर्षात खोडे कुंडीच्या कडेने गोल फिरून दाट जाळे करतात आणि मधला भाग उघडा पडतो. मालकाला वाटते, पुदिना मेला. तो मेलेला नसतो, त्याला जागा उरलेली नसते. गड्डा उपडा करून चार भाग करावेत आणि कडेचा जोमदार भाग नव्या मातीत लावावा. उरलेली खोडे उकिरड्यावर टाकू नयेत. तिथेही ती रुजतात. आधी कडकडीत उन्हात पत्र्यावर वाळवावीत, मगच खतात टाकावीत.